शेतकऱ्याची बंदूक आणि मधला दुकानदार

पिकविणारा एक व घेणारा दुसरा, आणि या दोहोंच्या मध्ये उभा राहून दोघांकडूनही घेणारा तिसरा; या तिसऱ्याविषयी आमच्या वाचकांस नव्याने काही सांगावयास नको. अडत, हमाली, तोलाई, कसर ही नावे प्रत्येक बागाइतदारास व जिराइतदारास तोंडपाठ आहेत. सहकारी चळवळीचा अर्धा जन्म या तिसऱ्यास दूर सारण्याच्या इच्छेतून झाला आहे. अशा स्थितीत, शेतकऱ्याने एकदा दूर सारलेला मध्यस्थ कायद्याने मुद्दाम परत आणून बसविला, असे एखादे उदाहरण आढळले तर त्याचा विचार करणे बोधप्रद होईल. असे उदाहरण अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत आहे, आणि ते शेतकऱ्याच्या घरातील एका नित्याच्या वस्तूसंबंधाचे आहे. ती वस्तू म्हणजे बंदूक.

तेथील शेतकऱ्याच्या घरी बंदूक असणे हे आपल्याकडे विळा-कोयता असण्याइतके सामान्य आहे. कोंबड्यांवर येणारा कोल्हा, कोकरांवर येणारा कोयोट, टेक्ससकडे शेते उकरणारी रानटी डुकरे, यांच्या बंदोबस्तास ती लागते. अशी बंदूक एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानातील शेतकऱ्याकडे पाठवावयाची झाल्यास आज काय खटाटोप व किती खर्च करावा लागतो, तो का करावा लागतो, आणि त्यातून आपणांस काय घेण्यासारखे आहे, हे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

टपालाने येणारे दुकान

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणे जरूर आहे. सन १८६७ मध्ये अमेरिकेत ‘ग्रेंज’ या नावाची शेतकऱ्यांची संस्था स्थापन झाली. रेल्वेचे दर, धान्यकोठारवाल्यांची कापणी आणि गावच्या दुकानदाराचे चढे भाव, या तिहींविरुद्ध या संस्थेने लढा दिला. सन १८७२ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड यांनी शिकागो येथे टपालाने माल पुरविणारी पेढी काढली. तिची पहिली यादी एका कागदाची व १६३ जिनसांची होती. या पेढीने आपणास ‘ग्रेंजचे मूळ पुरवठागृह’ म्हणविले, यावरून तिचे गिऱ्हाईक कोण होते हे उघड होते. पुढे सीअर्स, रोबक ही तशीच पेढी निघाली. सन १८९६ पासून टपालखात्याने खेड्यापाड्यांतील घरोघर टपाल पोचविण्यास प्रारंभ केला, आणि १ जानेवारी १९१३ पासून मोठी पार्सलेही टपालाने जाऊ लागली. गावोगावच्या दुकानदारांनी या पार्सल-टपालास कसून विरोध केला होता. परंतु शेतकऱ्यांचा रेटा मोठा होता व अखेर त्यांची सरशी झाली.

याचा परिणाम असा झाला की, नांगराचा फाळ, शिवणयंत्र, घोड्याचे सामान, बायकामुलांचे कपडे, सर्व काही घरबसल्या येऊ लागले. त्याच यादीत बंदुकाही होत्या. शेतकऱ्याने यादी पाहावी, पैसे व पत्र टपालात टाकावे, आणि काही दिवसांनी टपालवाल्याने बंदूक दारात आणून द्यावी, असा तो काळ होता. घेणारा कोण, शहाणा की वेडा, सज्जन की दरोडेखोर, हे कोणी विचारीत नव्हते. कारण विकणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंडच पाहिलेले नसे.

मध्यस्थ परत का आला?

ही मोकळीक फार काळ टिकण्यासारखी नव्हती. सन १९२७ मध्ये अमेरिकेच्या विधिमंडळाने खिशात लपविता येण्याजोगी पिस्तुले सामान्य लोकांनी सरकारी टपालाने पाठवू नयेत असा कायदा केला. परंतु खासगी वाहतूक कंपन्यांचा मार्ग खुलाच राहिला. सन १९३८ मध्ये बंदुकांच्या व्यापाऱ्यास परवाना आवश्यक झाला, पण त्याची फी वर्षास अवघा एक डॉलर होती.

नंतर सन १९६३ उजाडले. त्या वर्षी मार्चमध्ये ली हार्वे ऑस्वाल्ड याने मासिकातील जाहिरात पाहून शिकागोच्या एका दुकानातून दुर्बीण बसविलेली जुनी इटालियन रायफल मागविली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट व पाठवणावळ दीड डॉलर, मिळून २१ डॉलर ४५ सेंट. मागणी ‘हिडेल’ या खोट्या नावाने केलेली, आणि पत्ता म्हणून डॅलस येथील पोस्टाच्या एका पेटीचा क्रमांक दिलेला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांचा त्याच शहरात त्याच रायफलीने खून झाला. तरीही पाच वर्षे कायदा रखडला. सन १९६८ च्या एप्रिलमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग व जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गोळीस बळी पडले, तेव्हा कोठे लोकमत हलले. आणि २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक-नियंत्रण कायद्यावर सही केली.

या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगता येईल. एका संस्थानातील सामान्य मनुष्याकडून दुसऱ्या संस्थानातील सामान्य मनुष्याकडे बंदूक परस्पर जाऊ नये. ती घेणाराच्या संस्थानातील परवानाधारक दुकानदाराकडे जावी, आणि त्याने घेणारास समोर उभे करून, ओळख पटवून, मग ती हाती द्यावी. ज्या मध्यस्थास शेतकऱ्याने पन्नास-पाऊणशे वर्षे झगडून घालविले, तो या एका जिनसेपुरता कायद्याने पुन्हा दारात आणून बसविला.

बंदूक पाठविण्याची आजची रीत

घेणाराने प्रथम आपल्या जवळपासचा असा परवानाधारक दुकानदार शोधावयाचा, की जो दुसऱ्याची बंदूक आपल्या नावे उतरवून घेण्यास कबूल असेल. सर्वच दुकानदार कबूल होत नाहीत; काही जण तर पाठविणाराही परवानाधारकच पाहिजे असा आग्रह धरतात. दुकानदार मिळाला म्हणजे त्याच्या परवान्याची नक्कल पाठविणाराकडे जावयाची. नंतर गठ्ठा रवाना व्हावयाचा. लांब नळीची बंदूक किंवा रायफल सामान्य मनुष्यास सरकारी टपालाने परवानाधारक दुकानदाराच्या नावे पाठविता येते. मात्र ती रिकामी असली पाहिजे. खासगी वाहतूक कंपन्यांनी मात्र अलीकडील वर्षांत आपले नियम फार आवळले आहेत, आणि मोठ्या कंपन्या ज्या परवानाधारकांशी त्यांचा करार झालेला आहे त्यांचाच माल घेतात. सबब पुष्कळदा पाठविणारासही आपल्या गावच्या दुकानदाराचे पाय धरावे लागतात, आणि मध्यस्थ एकाचे दोन होतात. गठ्ठ्यावर आत बंदूक असल्याची चिठ्ठी लावण्यास वाहतूकवाल्याने भाग पाडू नये, असा कायद्यात निर्बंध आहे. वाटेतील चोरांस वर्दी मिळू नये हा त्याचा हेतू उघड आहे.

माल पोचला म्हणजे दुकानदार तो आपल्या वहीत जमा धरतो व घेणारास बोलावितो. घेणाराने जातीने गेले पाहिजे. तेथे ४४७३ क्रमांकाचा सरकारी तक्ता भरावयाचा असतो. त्यात राहत्या घराचा पत्ता पाहिजे, पोस्टाच्या पेटीचा क्रमांक चालत नाही. सन १९६३ च्या त्या मागणीची आठवण येथे वाचकांस सहज होईल. मग दुकानदार मध्यवर्ती तपासखात्याच्या यंत्रणेकडे विचारणा करतो. ही यंत्रणा ३० नोव्हेंबर १९९८ पासून सुरू आहे. तिच्याकडून ‘द्या’, ‘थांबा’ किंवा ‘देऊ नका’ असे तिहींपैकी एक उत्तर येते. ‘थांबा’ असे उत्तर येऊन कामकाजाचे तीन दिवस निघून गेले व पुढे काहीच कळले नाही, तर बंदूक देणे न देणे मध्यवर्ती कायद्याने दुकानदाराच्या मर्जीवर आहे. काही संस्थानांचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावेच लागते.

येथे अनुभवी लोक एक सूचना देतात ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तक्त्यावर सही करण्यापूर्वीच बंदूक नीट तपासून घ्यावी. एकदा ती आपल्या नावे चढली की मग नळीस चीर आढळली तरी परत पाठविण्याचा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, आणि पुष्कळ विक्रेते नाव चढल्यावर माल परत घेत नाहीत.

खर्चाचा हिशेब

आता पैशाकडे वळू. बंदूक उतरवून घेण्याबद्दल दुकानदार साधारणतः वीस ते पन्नास डॉलर घेतात. काही ठिकाणी याहूनही अधिक घेतात. वाहणावळ व विमा वेगळा. एक उदाहरण हिशेबापुरते कल्पून पाहू. पेनसिल्व्हानियातील एका वृद्ध शेतकऱ्याने आपली जुनी बारा बोअरची एकनळी बंदूक ओहायोतील एका तरुण शेतकऱ्यास दीडशे डॉलरांस विकली. पाठविणाराच्या दुकानदाराचे पंचवीस, वाहणावळ व विमा मिळून चाळीस, घेणाराच्या दुकानदाराचे तीस. एकूण पंचाण्णव डॉलर झाले. म्हणजे जुन्या भाषेत रुपयामागे दहा आणे वरखर्च! यात दोन्ही बाजूंचे हेलपाटे व बुडालेला दिवस धरलेला नाही.

याच जागी दीड हजार डॉलरांची कोरीव नक्षीची दुनळी असती, तरी खर्च विम्याचे थोडेसे सोडले तर तेवढाच आला असता, म्हणजे रुपयामागे एक आणा. ठरावीक रकमेच्या प्रत्येक पट्टीचा हाच दोष असतो. हौसेने शिकार करणाऱ्या धनिकास ती जाणवत नाही, आणि कोंबड्या राखण्यासाठी जुनी बंदूक घेणाऱ्या लहान शेतकऱ्याचे मात्र कंबरडे मोडते. ज्याची गरज खरी त्यावर भार जास्त, हा प्रकार आमच्या वाचकांस बाजार-समितीच्या आवारातही पाहावयास मिळाला असेल.

सुटी आणि विसंगती

कायद्यात काही सुटी आहेत, त्या जाणणाराचा बराच खर्च वाचतो. दुरुस्तीकरिता कारागिराकडे किंवा कारखान्याकडे पाठविलेली बंदूक दुरुस्त होऊन मालकाच्या घरी थेट परत येऊ शकते, मध्ये दुकानदार लागत नाही. सन १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली जुनी बंदूक मध्यवर्ती कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही, आणि काळ्या दारूची ठासणीची बंदूकही सामान्यतः तीतून वगळलेली आहे. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांचा संग्रह करणारास तीन वर्षांस तीस डॉलर भरून वेगळा परवाना काढता येतो, आणि त्यावर अशी शस्त्रे घरपोच मागविता येतात. व्यापाऱ्याच्या परवान्यास मात्र पहिल्या तीन वर्षांस दोनशे डॉलर पडतात.

वारशाची गंमत तर अशी आहे की, बाप मेल्यावर मृत्युपत्राने बंदूक परसंस्थानातील मुलाकडे आली, तर दुकानदाराची जरुरी नाही. परंतु तोच बाप जिवंतपणी आपल्या हाताने मुलास ती देऊ म्हणेल, तर दुकानदारामार्फतच दिली पाहिजे.

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. एकाच संस्थानातील दोन शेजाऱ्यांनी आपसांत बंदूक विकली, तर मध्यवर्ती कायदा दुकानदार मागत नाही. काही संस्थानांनी तसा स्वतःचा नियम केला आहे, पुष्कळांनी केलेला नाही. म्हणजे तीनशे कोसांवरील अनोळखी मनुष्यास जे बंधन, ते त्याच संस्थानातील अनोळखी मनुष्यास नाही. एका वाटेवर पहारा व दुसरी वाट उघडी, असे असले म्हणजे प्रामाणिक मनुष्य पहाऱ्याचे पैसे भरतो आणि लबाड उघड्या वाटेने जातो. कायद्याविषयी तेथील शेतकऱ्याची जी कुरकुर आहे तिचा खरा भाग आमच्या मते हा आहे. दुकानात जावे लागते हा नव्हे.

मध्यस्थ दोन प्रकारचे

कारण दुकानात जाण्याने काही मिळतही असते. तेथे एक शहाणा मनुष्य घेणाराच्या तोंडाकडे पाहतो. घेणारा दारू पिऊन आला आहे काय, दुसऱ्याच कोणासाठी घेत आहे काय, फार बिथरलेला दिसतो काय, हे यादीला व टपालाला कळत नाही, दुकानदारास कळू शकते. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. कर्जाने व नापिकीने गांजलेल्या घरी एक रात्र मध्ये जाणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. चार दिवसांचा विलंब व एका परक्या माणसाची नजर यांची किंमत पंचाण्णव डॉलरांत मोजता येत नाही.

सबब आमचे म्हणणे असे की, मध्यस्थ दोन प्रकारचे असतात. एक पहारा करतो आणि दुसरा नुसती पट्टी घेतो. पहारा करणारास त्याची मजुरी दिली पाहिजे. मात्र ती आधी ठरलेली, सर्वांस माहीत असलेली व एकदाच द्यावयाची असावी. कॅलिफोर्नियात दोन खासगी मनुष्यांमधील व्यवहार दुकानदारामार्फतच व्हावा असा नियम आहे, परंतु त्याबरोबरच दुकानदाराने आपल्या श्रमाबद्दल एका बंदुकीमागे दहा डॉलरांहून अधिक घेऊ नयेत असेही ठरवून दिले आहे. सरकारी फी निराळी. कायद्याने ज्याच्या दारात जाण्यास भाग पाडले, त्याचा दरही कायद्याने बांधावा, हे न्यायाचे आहे. जेथे जाणे सक्तीचे आणि दर मर्जीचा, तेथे पहारेकऱ्याचा जकातदार होण्यास वेळ लागत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात टपालाने बंदूक मागविण्याचा प्रश्नच येत नाही. येथे १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. त्याअन्वये आधी परवाना, मग बंदूक. परवाना जिल्हादंडाधिकाऱ्याकडून, आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडून मिळतो. त्यापूर्वी पोलिसांचा चौकशी-अहवाल लागतो. नंतर परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घ्यावयाची व तिची नोंद परवान्यावर करून घ्यावयाची. अमेरिकेत ठासणीची बंदूक कायद्याबाहेर आहे, तर आपल्याकडे तिलाही परवाना लागतो. तथापि याच कायद्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्यास उपयोगी अशी तरतूद आहे, ती पुष्कळांस ठाऊक नसते. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणाकरिता ठासणीची बंदूक मागणारास, कायद्यात सांगितलेली नकाराची कारणे नसल्यास, परवाना द्यावा असे त्यात म्हटले आहे. आणि ठासणीची बंदूक त्या कामास पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो. सन २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची झाली, हेही शेतकऱ्याच्या सोयीचेच झाले. त्याच दुरुस्तीने एका मनुष्याजवळ तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात.

आपल्या शेतकऱ्याचा खर्च म्हणूनच पाठवणावळीचा नसून हेलपाट्यांचा आहे. अर्ज, चौकशी, खरेदी, नोंद, नूतनीकरण, प्रत्येकास तालुक्याची किंवा जिल्ह्याची वारी. निवडणूक आली म्हणजे तपासणी होऊन ज्यांस हुकूम होईल त्यांनी बंदूक जमा करावयाची. आणि निवडणूक ऐन पिकाच्या दिवसांत आली तर राखणीच्या वेळीच बंदूक ठाण्यात. शिवाय एक गोष्ट विसरता कामा नये. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येते, आणि ते मारावयाचे तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी निराळी घ्यावी लागते. ही दुसरी परवानगी न घेता, परवाना आहे या भरवशावर गोळी झाडणारा शेतकरी पीक वाचवितो आणि स्वतः खटल्यात सापडतो.

या बाबतीत शेतकरी-मंडळांनी करण्यासारखे काम आहे, व ते फारसे खर्चाचे नाही. ज्या गावांस रानडुकरांचा उपद्रव आहे तेथील अर्जदारांचे कागद मंडळाने एकत्र तपासून द्यावेत, म्हणजे एक दाखला राहिला म्हणून दुसरी वारी घडणार नाही. नूतनीकरणाच्या तारखांची यादी मंडळाच्या कचेरीत ठेवावी आणि मुदत संपण्याआधी सभासदास पत्र घालावे. मुदत संपलेला परवाना व घरात असलेली बंदूक हा सरळ गुन्हा होय. नुकसानीचे पंचनामे व वनखात्याकडील अर्ज वेळच्या वेळी व्हावेत. दुकानदार बंदूक ठेवून घेण्याचे किंवा दुरुस्तीचे काय घेतो, त्याचे दर विचारून सभासदांस कळवावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या घरी भांडण, व्यसन किंवा मनाची उदासीनता आहे, तेथे बंदूक असू नये असे सांगण्याचे धैर्य मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी दाखवावे. असे झाले तर पहारेकऱ्याचे अर्धे काम गावातच होईल.

ग्रेंजच्या शेतकऱ्यांनी दुकानदाराविरुद्ध जो झगडा केला तो योग्यच होता. परंतु नांगराचा फाळ आणि बंदूक या दोन जिनसा एका यादीत छापल्या म्हणून त्या एका जातीच्या होत नाहीत. फाळ कोणाच्या हाती गेला तरी जमीनच फाडील. बंदूक कोणाच्या हाती जाते हे पाहण्यास मध्ये कोणीतरी असावे, हे आम्हांस मान्य आहे. त्याने रास्त दाम घ्यावा, वेळेवर काम करावे, आणि शेतकऱ्यास एका कामाकरिता एकदाच बोलवावे, एवढेच आमचे मागणे आहे.